जुन्या कारच्या एअरबॅगनेच इजा होऊ शकते का?

परभणीत २०१० सालची सेकंडहँड कार बघताय आणि कुणीतरी एअरबॅगची भीती घातली, म्हणून विचारताय. भीती खोटी नाही. एअरबॅग बनवणाऱ्या ताकाता या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे धडकेत पिशवी फुगवणाऱ्या धातूच्या डबीत, अमोनियम नायट्रेट हे रसायन होतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा सोसून ते खराब होतं. मग धडकेत नको तेवढ्या जोराने पेटतं, ती डबी फुटते आणि तिचे तुकडे पिशवी फाडून चालकाच्या मानेत, चेहऱ्यात घुसतात. किरकोळ धडकेतही माणसं गेलीत. ताकाताने २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, पण जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. आपल्याकडे तर गाडी अख्खा उन्हाळा उन्हातच उभी असते, त्यामुळे हे हलक्यात घेऊ नका.

आरसीवरचा चेसिस नंबर गाडीच्या कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलमध्ये, म्हणजे दोष निघाल्याने कंपनीने दुरुस्तीला परत बोलावलेल्या गाड्यांच्या विभागात, टाकून बघा. गाडी त्यात निघाली तर इन्फ्लेटर फुकट बदलून मिळतो.

इसार देण्याआधी स्वतः चावी फिरवा. डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. विझत नसेल तर बिघाड आहे. लागतच नसेल तर मला जास्त शंका येते, बिघाड लपवायला तो कुणी मुद्दाम बंद केलेला असू शकतो. अशी गाडी घेऊ नका.