'काप', 'तुकडा' आणि 'पर्यंत'

फोंड्याच्या एका शिक्षिकेने दोन गोष्टी विचारल्या आहेत. पायथन ही संगणकाची भाषा शिकवताना 'स्लाइस'ला, म्हणजे सूचीतून (घटकांच्या क्रमवार यादीतून) सलग काही घटक घेण्याला, मराठीत 'तुकडा' म्हणावे की 'काप'? आणि 'एकपासून चारपर्यंत' असे सांगितले की चार क्रमांकाचा घटक उत्तरात का नाही, यावर मुले अडतात, त्यांना काय सांगावे?

पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर 'काप' असे आहे. तुकडा कसाही पडतो आणि त्याच्या कडा कोणी ठरवलेल्या नसतात. काप मात्र कुठून कुठे हे ठरवून, सुरी लावून काढतात. नीरफणसाचे काप ज्याने तव्यावर भाजले आहेत त्याला हा फरक वेगळा सांगावा लागत नाही. स्लाइसमध्येही दोन्ही छेद आधी ठरलेले असतात. फक्त क्रियापद 'काप घेणे' असे ठेवावे, 'कापणे' नको, कारण काप घेतल्यावर नीरफणस तेवढा कमी होतो, पायथनची सूची मात्र होती तशीच राहते आणि हाती येते ती नवी सूची.

गो या संगणकाच्या भाषेत आणि पायथनच्याच नम्पाय या आकडेमोडीच्या संचात हा शब्द अपुरा पडतो. तिथे स्लाइस घटकांच्या मूळ रांगेची म्हणजे अ‍ॅरेचीच स्मृती वापरते, त्यामुळे तिच्यातला घटक बदलला की मूळ अ‍ॅरेतलाही बदलतो. अशा ठिकाणी मी 'पट्टा' म्हणेन. कुळागरातल्या (पोफळीच्या बागेतल्या) चार पोफळींचा पट्टा खुणेने दाखवला तरी झाडे कुळागरातच उभी असतात, आणि पट्ट्यातली पोफळ तोडली तर ती कुळागरातलीच तोडली जाते.

खरी अडचण 'पर्यंत'ची आहे, आणि तिथे चूक मुलांची नाही. '१ तारखेपासून ४ तारखेपर्यंत सुट्टी' म्हटले की आपण चार दिवस मोजतो, पण फूटपट्टीवर १ पासून ४ पर्यंत रेघ ओढली तर ती तीनच सेंटिमीटर भरते. शब्द तोच आहे. पहिल्या वेळी आपण वस्तू मोजतो, दुसऱ्या वेळी दोन खुणांमधले अंतर. पायथन फूटपट्टीच्या बाजूचा आहे.

वर्गात कोकण रेल्वेचे उदाहरण घ्यावे. सूचीत पेडणे, थिवी, करमळी, वेर्णा, मडगाव आणि काणकोण ही स्थानके या क्रमाने लिहावीत. मोजणी शून्यापासून होत असल्याने थिवी १ वर आणि मडगाव ४ वर येते. स्थानके[१:४] असे लिहिले की थिवी, करमळी, वेर्णा मिळतात, मडगाव मिळत नाही. आता ही तीन स्थानके कुठल्या टप्प्यांची सुरुवात आहेत ते पाहावे: थिवी ते करमळी, करमळी ते वेर्णा, वेर्णा ते मडगाव. टप्पे तीन, आणि ४ वजा १ म्हणजेही तीनच. शिवाय स्थानके[:४] (सुरुवातीपासून ४ च्या अलीकडपर्यंत) आणि स्थानके[४:] (४ पासून शेवटापर्यंत) जोडले की सगळी यादी परत मिळते, मडगाव दोनदा येत नाही आणि गळतही नाही. हिशेबाची ही सोय मला फार मोलाची वाटते. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९८२ च्या टिपणात खालची हद्द धरावी आणि वरची सोडावी असा आग्रह धरला, तो याच प्रकारच्या कारणांनी.

सगळ्या भाषा मात्र असे करत नाहीत. फोर्ट्रान ९० मध्ये (१:४) म्हणजे दोन्ही टोकांसह चार घटक. रूबीत दोन टिंबे दिली तर शेवटचा घटक येतो, तीन दिली तर येत नाही. रस्टमध्ये दोन टिंबांनी तो वगळला जातो आणि पुढे बरोबरचे चिन्ह लावले की घेतला जातो. म्हणून नुसते 'पर्यंत' म्हणून थांबू नये. शेवट घ्यायचा असेल तिथे 'एकपासून चार धरून' म्हणावे आणि पायथनसाठी 'एकपासून चारच्या अलीकडपर्यंत', जसे आपण 'मडगावच्या अलीकडे उतर' म्हणतो आणि ऐकणारा मडगाव येण्याआधीच उतरतो.