‘गोणपाटावर प्रोजेक्ट करून नोकरी लागेल का?’

प्रश्न : आमचे इचलकरंजीत यंत्रमाग आहेत. मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ताग आणि काचेचे धागे एकत्र करून नळ्या बनवायच्या आणि धडकेत त्या किती ऊर्जा जिरवतात ते तपासायचं, असा प्रोजेक्ट तिने ठरवलाय. पुढे त्यातच एम.टेक. करायचं म्हणते. घरचे विचारतात, गोणपाटावर प्रोजेक्ट करून नोकरी कोण देणार? तिला आयटीकडे वळवावं का?

उत्तर : नमस्कार. वळवू नका. विषय तिने विचार करून निवडलाय.

भारत एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या योजनेत समोरच्या धडकेची चाचणी ताशी 64 किलोमीटर वेगाने होते. 1,000 किलोची गाडी या वेगाने आदळली की सुमारे 158 किलोज्यूल ऊर्जा डोळ्याचं पातं लवायच्या आत जिरवावी लागते. गाडीच्या पुढच्या भागाने ती जिरवली नाही, तर मार आत बसलेल्या माणसाला बसतो. ती जिरवायला तिथे बसवलेली पत्र्याची नळी घड्या पडत चेपते. कॉम्पोझिटची, म्हणजे धागे रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात) बसवून केलेली नळी टोकापासून सोलत, चुरत जाते आणि नीट रचली असेल तर तेवढ्याच वजनाच्या स्टीलपेक्षा जास्त ऊर्जा खाते. ताग काचेपेक्षा हलका आणि स्वस्त, पण तो ओल धरतो आणि रेझिनला नीट चिकटत नाही. म्हणून त्याला कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून काढतात आणि काचेची जोड देतात.

मध्यंतरी एका विद्यार्थ्याने माझ्या टेबलावर चेपलेल्या तीन नळ्या आणून ठेवल्या होत्या. काचेच्या धाग्यांची नळी केळं सोलावं तशी बाहेर उलगडली होती. नुसत्या तागाची मधोमध तडकून तिचे मोठे तुकडे पडले होते. तिसरीत ताग आत आणि काच बाहेर. ती तडकली होती, पण सुटली नव्हती. नळी अशीच का मोडली, हे तो दहा मिनिटं न थांबता सांगत होता. मुलाखतीत हेच कामाला येतं.

आता स्पष्ट सांगतो. नैसर्गिक धागे आज गाड्यांत मुख्यतः दाराच्या आतल्या पॅनेलसारख्या भागांत असतात. ‘ताग’ लिहिलेली जाहिरात तिला शोधून सापडणार नाही. नोकरी आहे ती क्रॅश सेफ्टीत, चाचणी आणि सिम्युलेशनच्या (संगणकावर धडक घडवून बघायच्या) कामात, आणि त्याचं मोठं केंद्र पुणं आहे. गाड्यांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था तिथेच, गाड्यांच्या कंपन्या आणि त्यांना इंजिनिअरिंग सेवा देणाऱ्या कंपन्याही तिथेच.

त्यामुळे नमुना ओढून तोडला आणि आकडा लिहिला, एवढ्यावर प्रोजेक्ट थांबू देऊ नका. नळीच्या टोकाला 45 अंशांची धार काढून ती यूटीएमवर (नमुना ओढायच्या-दाबायच्या यंत्रावर) चेपावी, जोर आणि चेपलेलं अंतर यांच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ, म्हणजे जिरलेली ऊर्जा, नळीच्या चेपलेल्या भागाच्या वजनाने भागावं आणि मग तीच नळी एलएस-डायना या धडकेच्या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये उभी करावी. त्याची विद्यार्थी आवृत्ती मोफत मिळते. यूटीएम हळू दाबतं, खरी धडक फार वेगाने होते. जमलं तर वरून वजन टाकून होणारी चाचणीही करावी. एम.टेक.साठी गेट या प्रवेश परीक्षेची तयारी आत्तापासून. कॅम्पसला आयटीची परीक्षा दिली तरी बिघडत नाही.

आणि एक काम तुमचं. उभ्या-आडव्या धाग्यांची वीण बदलली की नळी मोडायची तऱ्हाही बदलते. दमट हवेत धागा कसा वागतो, हे तुम्ही रोज पाहता. ती सुट्टीत आली की तिला मागावर घेऊन बसा. तागाच्या दोन-तीन वेगळ्या विणींचे कापड तुमच्याकडे किंवा ओळखीच्या कारखान्यात विणून निघतं का ते बघा. डीकेटीई कॉलेज गावातच आहे, तिथल्या टेक्स्टाइल विभागात तिला एकदा घेऊन जा.