उष्णता जाते कुठे?

प्रश्न : भांड्याखाली ज्योत तेवत असूनही, सगळा बर्फ वितळेपर्यंत तापमापीतला पारा ०° सेल्सिअसवरून हलत का नाही?

उत्तर : वितळताना शोषली जाणारी उष्णता रेणूंची गती वाढवण्यात नव्हे, तर त्यांना स्फटिकाच्या घट्ट मांडणीतून सोडवण्यात खर्ची पडते, आणि तापमान हे त्या गतीचेच माप असल्यामुळे पारा जागचा हलत नाही, मात्र भांडे ढवळत राहायला हवे, नाहीतर तळाचे पाणी आधीच तापू लागते. अठराव्या शतकात स्कॉटिश शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी ओळखलेला हा अप्रकट उष्मा (तापमान न वाढवता शोषली जाणारी उष्णता) थोडाथोडका नाही : १ ग्रॅम बर्फ वितळवायला सुमारे ८० कॅलरी लागतात, आणि तेवढ्याच उष्णतेत ते वितळलेले पाणी जवळजवळ ८०° सेल्सिअसपर्यंत तापवता येते.