जेम्स फाझी: लोकांना सरकार निवडू देणारा माणूस जिनिव्हातून का पळाला?

तुमचा प्रश्न असा, की जिनिव्हाला लोकशाही राज्यघटना देणाऱ्या जेम्स फाझीलाच पुढे शहर सोडून का पळावं लागलं, आणि तो खरा उदारमतवादी होता की नुसता सत्तेचा भुकेला. माझ्या मते तो खरा उदारमतवादी होता. हरायची वेळ आली तेव्हा मात्र तो कमी पडला.

जन्म १७९४चा, जिनिव्हातलाच. घराण्याचा धंदा भारतीय छिटाच्या धर्तीवर कापड छापण्याचा. याचं मन रमलं पॅरिसच्या वृत्तपत्रांत. १८२६ मध्ये जिनिव्हात ‘झुर्नाल द झनेव्ह’ हे वृत्तपत्र काढणाऱ्यांत तो होता. १८३० मध्ये फ्रान्सच्या राजाने वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारे वटहुकूम काढले, तेव्हा पॅरिसच्या पत्रकारांनी छापलेल्या निषेधपत्रावर त्याचीही सही आहे. परत आल्यावर १८४२ मध्ये त्याने ‘रव्यू द झनेव्ह’ सुरू केलं. सरकारविरोधी लोकांना त्यामुळे हक्काचं मुखपत्र मिळालं.

खरी कसोटी लागली १८४६च्या ऑक्टोबरात. स्वित्झर्लंडच्या सात कॅथलिक कँटनांनी (कँटन म्हणजे स्विस संघातलं घटक राज्य) ‘सोंडरबुंड’ नावाची वेगळी युती केली होती आणि ती मोडण्याच्या बाजूने संघाच्या सभेत मत द्यायला जिनिव्हाचं सरकार कचरत होतं. त्यावर चिडून ऱ्होन नदीच्या उजव्या तीरावरच्या सँ-झेर्वे या कारागिरांच्या वस्तीने रस्ते अडवले. सात तारखेला सरकारने तोफा डागल्या, तरी वस्ती हटली नाही. दुसऱ्या दिवशी सरकारनेच राजीनामा दिला. नऊ तारखेला मोलार चौकात लोक जमले आणि हंगामी सरकार नेमलं गेलं. त्याचा प्रमुख फाझी.

१८४७च्या राज्यघटनेने मंत्रिमंडळ थेट मतदारांनी निवडायचं ठरवलं. माझ्या लेखी त्याचं सगळ्यात मोठं काम हेच, कारण त्याआधी मूठभर जुनी घराणी आपसांत कारभार वाटून घेत. पुढे तटबंदी पाडून शहर मोकळं केलं, आणि त्या मोकळ्या जागांतल्या काही जागा कॅथलिक, ज्यू अशा कॅल्व्हिनपंथी नसलेल्या समाजांना प्रार्थनास्थळांसाठी दिल्या. प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या शहरात ही छोटी गोष्ट नव्हती.

पण सरकारने बक्षीस दिलेल्या जमिनीवर त्याने स्वतःची टोलेजंग इमारत उठवली, तिथे जुगाराचा क्लब चालला, आणि लोकांच्या मनातून तो उतरला. त्याने ज्याच्या स्थापनेत हात लावला होता ते ‘झुर्नाल द झनेव्ह’ तोवर त्याच्या विरोधकांचं पत्र झालं होतं. १८६४च्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाच्या पोटनिवडणुकीत तो आर्थर शनव्हिएरकडून हरला. मतदान केंद्रावरच्या त्याच्या माणसांनी निकालच रद्द केला. लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसं मेली, स्विस केंद्र सरकारला सैन्य धाडावं लागलं. फाझी फ्रान्समध्ये निघून गेला.

निकाल रद्द करण्याचं समर्थन मी करणार नाही. पण त्यावरून आधीची वीस वर्षं ढोंग ठरवणंही मला पटत नाही. सत्तेसाठीच सारं करायचं असतं, तर मंत्रिमंडळ थेट मतदारांच्या हाती देण्याची त्याला काहीच गरज नव्हती. नंतर तो परतला, घटनाशास्त्र शिकवू लागला आणि १८७८ मध्ये जिनिव्हातच वारला.