‘गेट शॉर्टी’ हा चित्रपट एवढा नावाजला का जातो? मला अर्ध्यावर कंटाळा आला, आणि गुंडांवर हसावं तरी कसं?

पुन्हा लावा, एवढीच विनंती. पण या वेळी मारामारीची वाट बघू नका, पैसा कुणाकडून कुणाकडे जातोय ते बघा.

मी तो पहिल्यांदा पाहिला नौपाड्यातल्या लायब्ररीतून आणलेल्या व्हीसीडीवर. चित्रपट 1995चा, दिग्दर्शक बॅरी सोनेनफेल्ड, मूळ कादंबरी एल्मोर लेनर्डची. तेव्हा मलाही तुमच्यासारखाच कंटाळा आला होता. मायामीतल्या सावकाराचा वसुलीवाला चिली पामर (जॉन ट्रॅव्होल्टा) उधारीच्या मागावर लॉस एंजेलिसला पोचतो आणि हॅरी झिम (जीन हॅकमन) या स्वस्तातले भयपट काढणाऱ्या निर्मात्याला पैसे मागता मागता सिनेमाची गोष्टच ऐकवायला लागतो, एवढंच काय ते लक्षात राहिलं.

दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मी घोडबंदर रोडला एका मालिकेच्या सेटवर प्रॉडक्शनचे हिशेब सांभाळत होतो. आमच्याकडे पेमेंट 90 दिवसांनी. त्या निर्मात्याने ते पाच महिन्यांवर नेलं. लाइटदादा, स्पॉटदादा, मेकअपदादा रोज सकाळी टेबलाशी यायचे, ‘साहेब, चेक कधी?’ आणि मला वरून पढवलेलं उत्तर द्यावं लागायचं, ‘फाइल सहीला गेलीय.’ एका स्पॉटदादाला मुलीच्या अकरावीची फी भरायची होती. त्याच्याकडे बघून ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. शेवटी युनिटने वर्गणी काढून फी भरली.

त्याच आठवड्यात एका रात्री कासारवडवलीच्या खोलीवर मी ‘गेट शॉर्टी’ लावला. हॅरी झिम बोलायला लागला आणि वाटलं, या माणसाला तर मी रोज ऑफिसात भेटतो. एका चित्रपटासाठी लोकांकडून घेतलेले पैसे तो आणखी वाढवायला म्हणून जुगारात घालतो आणि घालवून बसतो. तरी प्रत्येकाला सांगतो, सगळं जमत आलंय. चिली मात्र जे बोलतो तेच करतो. आवाज चढवत नाही, समोरच्याला फक्त आपल्याकडे बघायला लावतो. तो वसुलीवाला आहे, धमकी हाच त्याचा धंदा आहे, हे मी विसरत नाही. पण त्या सगळ्या गर्दीत सिनेमावर मनापासून प्रेम करणारा तोच एक आहे. थिएटरात ऑर्सन वेल्सचा ‘टच ऑफ इव्हिल’ बघताना तो पडद्याबरोबर संवाद पुटपुटतो, तेव्हा त्याचा चेहरा बघा. ट्रॅव्होल्टाचं इतकं निर्मळ काम मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आणि डॅनी डीव्हिटो! तो मोठा स्टार मार्टिन वेअर झालाय. चिली त्याला सावकाराची नजर शिकवतो, तो प्रसंग मी पाच-सहा वेळा मागे नेऊन पाहिला.

आता हसण्याचं. तुमचा प्रश्न मला पटतो, कारण आपल्याकडे हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतंच. 12 ऑगस्ट 1997ला अंधेरीत देवळाबाहेर टी-सीरिज या कॅसेट कंपनीचे मालक गुलशन कुमार यांना गोळ्या घालून मारलं. जानेवारी 2000मध्ये निर्माते-दिग्दर्शक राकेश रोशन यांच्यावर गोळीबार झाला. चित्रपटधंद्याला उद्योगाचा दर्जा मिळाल्याची घोषणा झाली 1998 साली. त्याआधी बँका दारात उभं करत नसत, मग निर्माता जबर व्याजाने फायनान्सरकडे जायचा, आणि गुंडांचा पैसा शिरला तो त्याच फटीतून. म्हणून मला हा चित्रपट प्रामाणिक वाटतो. गुंड आपल्या जोरावर सिनेमात घुसत नाही, कुणीतरी आधी पैसे बुडवून त्याला दार उघडून दिलेलं असतं, हे तो हसवत हसवत नीट दाखवतो.

तुम्ही कुठे थांबलात ते लिहिलं नाहीत. चिलीला भाड्याने कॅडिलॅक हवी असते आणि हातात मिनीव्हॅन पडते, तिथे थांबला असाल तर फार लवकर थांबलात. तीच गाडी तो कशी मिरवतो आणि पुढे ती कुणाकुणाला हवीशी वाटायला लागते, तेवढं तरी बघा.