सात कारणं लिहिलीस, सातव्यापासून सुरू करू

ह्या वेळचं पत्र डॅलसजवळ राहणाऱ्या एका आईचं आहे. मुलगा सहा वर्षांचा, लेक चार. ऑगस्टपासून मुलाला शाळेत न पाठवता घरीच शिकवायचं नवराबायकोनी ठरवलंय, आणि "ताई, माझी कारणं बरोबर आहेत का तेवढं सांगा" असं विचारलंय. कारणं नंबर घालून लिहिलीयेत, एक ते सात. (इंजिनिअर बाईचं पत्र लगेच ओळखू येतं.) तुला तू म्हणते गं, माझ्या लेकीच्याच वयाची आहेस.

तर कारणं अशी. एक, बस पावणेसातला येते आणि पोरगं अर्ध्या झोपेत चढतं. दोन, शाळेत लॉकडाऊन ड्रिल होतं, म्हणजे कुणी बंदूक घेऊन शिरलं तर दारं लावून लपायचा सराव. तीन, त्याला वाचता येतं त्यामुळे वर्गात कंटाळतो. चार, डब्यातल्या थालीपिठाला बाकीची मुलं नाकं मुरडतात. पाच, दोनतीन वर्षांत पुण्याला परत यायचंय मग इथली सवय कशाला लावायची. सहा, "नाहीतरी मी घरीच असते". आणि सातवं, अगदी शेवटी, जागा संपत आल्यासारखं एका ओळीत, "शिवाय मराठी पण राहील."

शिवाय! आणि वर पण!

अगं पहिली सहा कारणं शाळेपासून लांब पळायची आहेत, घराकडे यायचं असं कारण हे एकच आहे, आणि त्याला तू शेवटच्या डब्यात बसवलंस. मग मी तुझं टाइमटेबल बघितलं. नऊ ते दहा मॅथ, दहा ते अकरा फोनिक्स, मग स्नॅक, मग सायन्स किट, दुपारी आर्ट, आणि मराठी? "शनिवारी अर्धा तास." म्हणजे सोमवार ते शुक्रवार आई घरात इंग्रजीत बोलणारी टीचर होणार आणि शनिवारी अर्धा तास आई. एवढं तर तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत जाणाऱ्या मुलांनाही मिळतं की, त्यासाठी रोजची शाळा कशाला सोडवायची? रागावू नकोस, पण तू शाळेतलं बाक उचलून डायनिंग टेबलापाशी आणून ठेवतीयेस फक्त.

माझे नेहमीचे वाचक आता हसत असतील, आली बाई आपल्या गाडीवर. आलेच. मुलांना मराठी शिकवू नका, मराठीतून शिकवा, हे मी इतक्या वेळा लिहिलंय की आमचे हे म्हणतात रबर स्टँप करून घे. पण तुझ्यासारखी संधी कुणाला मिळते गं? आम्हाला नव्हती. आम्ही 1998 ते 2011 श्टुटगार्टला होतो, आणि जर्मनीत मुलाला घरी शिकवतो म्हणायची सोयच नाही, शाळेत पाठवणं सक्तीचं. 2019 साली तर स्ट्रासबुर्गच्या मानवाधिकार न्यायालयानंही अशा एका कुटुंबाच्या केसमध्ये जर्मनीच्याच बाजूनं निकाल दिला. (तिकडच्या वाचकांनी म्हणूनच हे पत्र वाचून हुरळून जाऊ नये, आणि स्वीडनमध्येही जवळपास तसंच आहे.) पण तेव्हा तिथली प्राथमिक शाळा दुपारी जेवायच्या सुमाराला सुटायची, त्यानंतर मुलं माझ्या ताब्यात. आणि माझी शाळा म्हणजे स्वयंपाकघर.

घड्याळाची गोष्ट सांगते. तिथे गेल्यावर पहिल्याच महिन्यात बालवाडीची मीटिंग होती, "हाल्ब द्राय" ला. हाल्ब म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन, मी आपली साडेतीनला नटूनथटून हजर, तर खुर्च्या आवरून ठेवत होते. हाल्ब द्राय म्हणजे अडीच! घरी येऊन रडले. मग माझ्या वडिलांना फोन केला, ते संस्कृतचे मास्तर, ते खो खो हसले आणि म्हणाले अगं आपलं अडीच तरी दुसरं काय आहे, अर्धतृतीय, म्हणजे दोन पुरे आणि तिसऱ्याचा अर्धा. जर्मन माणूस तेच तर म्हणतोय. हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं.

आणि श्टुटगार्टकडची जुनी माणसं पावणेतीनला "द्रायफियर्टेल द्राय" म्हणतात, म्हणजे पाऊण-तीन, शब्दाला शब्द. बाकीच्या परदेशी आयांची त्या शब्दानं भंबेरी उडायची, आणि माझा सात वर्षांचा मुलगा शेजारच्या आजीला पटकन उत्तर द्यायचा, कारण घरात आम्ही पावणेतीन, पावणेचार असंच बोलायचो, टू फॉर्टीफाइव्ह नाही. (सव्वादोनला मात्र ते लोक "पाव तीन" म्हणतात, तिथे तो आणि मी दोघंही गडबडायचो, शेवटपर्यंत.) सांगायचा मुद्दा हा की मराठीतला हिशोब त्याच्या आड आला नाही, उपयोगी पडला.

आता तू म्हणशील माझ्या मुलाला मराठी आकडेच येत नाहीत. तू लिहिलंयस तसं, "त्याला एकोणतीस म्हटलं की तो थर्टीनाइन लिहितो." बरोबरच आहे! त्याला तीस ऐकू आलं, नऊ आहे हे माहिती, झालं. आपले आकडे अवघडच आहेत, पंचवीसमध्ये पाच आधी आणि वीस नंतर, एकोणतीसमध्ये तर तीसला एक कमी. माझ्या मुलांना सोपं गेलं कारण जर्मनमध्येही पाच-आणि-वीस असंच म्हणतात. तुझा इंग्रजीत वाढतोय, त्याला उलटं वाटणारच. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस पाच, वीस सहा" असं वाचन आलं तेव्हा पुण्यात काय गदारोळ झाला होता, तुला आठवत असेल. मंगला नारळीकरबाई त्या पुस्तकाच्या समितीवर होत्या, गणितातली एवढी मोठी बाई, त्या शांतपणे समजावत होत्या की मुलांना जोडाक्षरं जड जातात म्हणून, आणि लोक व्हॉट्सअॅपवर विनोद पाठवत होते. मीही दोनचार पुढे ढकलले, खोटं कशाला बोलू. पण नंतर माझा नातू सुट्टीत आला, तोही इंग्रजीत वाढतोय, त्याच्याबरोबर बसले आणि माझं मत पार बदललं. "वीस पाच म्हणजे पंचवीस, वीस नऊ म्हणजे एकोणतीस" असं जोडीनं म्हणत गेलो, जिना चढताना, पायऱ्या मोजत. तीन आठवड्यांत पन्नासपर्यंत गेला. एकोणपन्नासला अजून थांबतो, थांबू दे.

आणि अपूर्णांक! अगं पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, इतके सुटसुटीत शब्द आपल्याकडे फुकट पडलेत. इंग्रजीत दीडला एक शब्द आहे का सांग बघू. आमच्या आज्या पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी असे पाढे म्हणायच्या, चार पाव एक, पाच पाव सव्वा, सहा पाव दीड. तुझ्या सहा वर्षांच्या पोराला पाव वाटीचं माप दे आणि रव्याचा डबा दे. उपम्याला दीड वाटी रवा हवा, मोज म्हणावं पाव वाटीनं. सहा वेळा मोजेल, सांडेल, ओटा पुसायला लागेल, पण सहा पाव दीड हे त्याच्या हाताला कळेल. ते तू आणलेल्या त्या दोनशे डॉलरच्या किटमधल्या प्लॅस्टिकच्या चकत्यांनी कळेल का नाही मला शंका आहे. (किट परत करता येत असेल तर कर.)

आता माझंच एक वाईट उदाहरण, म्हणजे तुला वाटायला नको की ताईंचं सगळं जमलं. मुलाच्या वेळी मला काही येत नव्हतं म्हणून सगळं बोलण्यातून झालं. लेकीच्या वेळी मी हुशार झाले होते. पुण्याहून दुरेघी वह्या आणल्या, रोज संध्याकाळी पाच ते साडेपाच मराठी, गिरव बाई गिरव. ती आज चौतीस वर्षांची आहे, मराठी बोलते छान, पण वाचायचं म्हटलं की कपाळाला आठी, माझा हा कॉलमसुद्धा जावई मोठ्यानं वाचून दाखवतो. आणि मुलगा, ज्याला मी वही दिलीच नाही, तो हिंगाच्या डबीवरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकला. त्यामुळे शनिवारचा अर्धा तास ह्या शब्दांनी माझ्या पोटात गोळा का येतो ते कळलं असेल.

मग करायचं काय. बालभारतीची पुस्तकं, सेनापती बापट रोडवरची आपली ती संस्था, 1967 पासूनची, त्यांच्या साइटवर पीडीएफ फुकट मिळतात. पण तू मराठीचं पुस्तक घेऊन थांबशील, सगळे थांबतात. मराठी माध्यमाचं गणिताचं घे. त्यात उदाहरणं बाजाराची, मण्यांची, पतंगांची असतात, तो हिशोब करता करता भाषा शिकतो. विज्ञानही तसंच, बी भिजत घाल, मटकीला मोड आण, रोज काय झालं ते मराठीत सांग म्हणावं. तुझ्या चार वर्षांच्या लेकीला वेगळं काही नको, ती भावाच्या मागे मागे करत ऐकून शिकेल. इंग्रजी वाचन रोज तासभर ठेव, ते ठेवायलाच हवं, पण त्याची तुला काळजी नको, डॅलसमध्ये इंग्रजी नळाला येतं. आणि मंडळाची रविवारची शाळा बंद करू नकोस. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या (तिकडच्या सगळ्या मराठी मंडळांची मिळून संस्था) शाळांच्या परीक्षा आपल्या भारती विद्यापीठातर्फे होतात, मोठेपणी सर्टिफिकेट कामाला येतं, आणि मुख्य म्हणजे तिथे मराठी बोलणारी दुसरी मुलं दिसतात. मराठी ही फक्त आईच्या कटकटीची भाषा नाही हे त्याला दिसलं पाहिजे.

बाकीची कारणं भराभर घेते.

कायद्याचं घाबरू नकोस, टेक्सासमध्ये तिथल्या राज्याच्याच सुप्रीम कोर्टाच्या 1994 च्या निकालापासून घरची शाळा ही खाजगी शाळेतच धरतात. लेखी अभ्यासक्रम हवा, वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व एवढं त्यात हवं, आणि आत्ता सरकारी शाळेत नाव असेल तर काढल्याचं लेखी कळव, न सांगता गैरहजर ठेवू नकोस. दुसऱ्या राज्यातल्या वाचकांनी आपापलं बघा, न्यूयॉर्कला दर तिमाहीला रिपोर्ट द्यावे लागतात.

पुण्याला परत यायचं म्हणतेस तर तुझी भीती उलटी आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत न गेलेल्या मुलालाही वयानुसार वर्ग मिळतो. अडेल ते मराठीनं. 2020 च्या कायद्यानं महाराष्ट्रात पहिली ते दहावी सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. म्हणजे बघ, पुन्हा सातवंच.

बस लवकर येते हे कारण नाही, लवकर झोपव. थालीपिठाचं मला वाईट वाटलं, पण हे प्रकरण पुण्यातही होतं, आमच्या सोसायटीतली मुलं पोळीभाजीला नाकं मुरडतात. वर्गात कंटाळतो हे टीचरला सांगितलंस का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही.

ड्रिलचं मात्र मी काही बोलणार नाही. सहा वर्षांचं पोर रात्री विचारतं "आई, आपल्या कपाटात मी मावतो का", हे तू लिहिलंस आणि मी पत्र खाली ठेवलं. ज्या आईनं हे ऐकलंय तिला मी इथे कोथरूडला बसून काय शिकवणार.

आणि "नाहीतरी मी घरीच असते" हे वाक्य खोड. व्हिसामुळे नोकरी करता येत नाही ह्याचा तुला राग आहे, तो पत्रात तीन ठिकाणी सांडलाय, आणि तो रास्त आहे. पण रिकामा वेळ भरायला शाळा काढू नये, उद्या परमिट आलं तर काय, बंद करणार? नवऱ्याशी आधी बोल. संपूर्ण पत्रात तो एकदाच आलाय, "ह्यांची हरकत नाही" एवढंच. हरकत नाही म्हणजे काय, भाजी कोण चिरणार, शनिवारी कोण शिकवणार, ते लिहून घे त्याच्याकडून.

राहता राहिल्या सासूबाई, "शाळा सोडवली तर लोक काय म्हणतील" म्हणणाऱ्या. त्यांना सांग पंडिता रमाबाईंना त्यांच्या आईनंच शिकवलं, शाळेशिवाय, तीर्थयात्रेत गावोगाव हिंडता हिंडता, आणि रमाबाई रानडे तर ह्याच पुण्यात लग्नानंतर नवऱ्याकडून घरीच शिकल्या, घरातल्या बायकांची बोलणी खात. पण वाद घालण्यात अर्थ नाही, त्यांना काम दे. तुझ्याकडे उन्हाळ्यात सकाळचे आठ म्हणजे पुण्यात संध्याकाळचे साडेसहा. त्यांची दिवेलागणीची वेळ, आणि तुझ्या पोराची दिवसाची सुरुवात. त्यांनी लहानपणी रोज परवचा म्हटला असणार, विचारून बघ. व्हिडिओ कॉल लावायचा, त्या दिवा लावणार आणि दोघं मिळून पाढे म्हणणार, बे एके बे पासून निमकीपर्यंत, वीसेक मिनिटं, तेवढ्यात तुझा चहा होईल. नोव्हेंबरात तुमची घड्याळं बदलली की साडेसात होतील, ते त्यांना आधी सांगून ठेव, नाहीतर मालिकेच्या वेळेवरून भांडण व्हायचं.