आधी मीटर लाव, मग बोल

प्रिय लेकरा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. औशाकडच्या त्या निवृत्त गुरुजींचा रखडणारा लॅपटॉप आणि त्यांनी मोबाइलवर दाखवलेला चार रुपयांचा 'एआय' शेअर, दोन्हींबद्दल तू एकाच कागदावर विचारलंस. मीही एकाच कागदावर उत्तर देतो. दोन्हीकडे माणूस फसतो तो एकाच जागी: मोजायच्या आधी ठरवून मोकळा होतो.

गुरुजींच्या घरी लॅपटॉपला हात लावायच्या आधी भिंतीवरचा बोर्ड तपास. मल्टीमीटर एसीच्या ६०० किंवा ७५० व्होल्टच्या रेंजवर ठेव. फेज आणि न्यूट्रल यांच्यात साधारण २३० यायला पाहिजे. फेज आणि वरच्या मोठ्या छिद्रातलं अर्थिंग यांच्यातही जवळपास तेवढंच. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात एक ते तीन व्होल्ट आले तर ठीक. तिथं चाळीस-पन्नास दाखवत असेल तर अर्थिंग नावालाच आहे असं समज. अशा घरात कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात आणि घरचे म्हणतात मशिनच खराब आहे. मशिनचा त्यात दोष नसतो. पॉवर सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर गळतीचा बारीक करंट अर्थिंगकडं सोडतात. अर्थिंगच नसलं की तो पत्र्यावर तरंगत राहतो, साधारण निम्म्या व्होल्टेजला. न्यूट्रल-अर्थिंगचं रीडिंग ठार शून्य आलं तरी लगेच खूश होऊ नको. मेन बंद करून बोर्ड उघड. कुणीतरी आतल्या आत न्यूट्रल आणि अर्थिंगला एक तार जोडून 'अर्थिंग केलं' असं सांगितलेलं सापडू शकतं. त्या घरात कधी मागून न्यूट्रल तुटली तर फ्रिजपासून कॅबिनेटपर्यंत सगळ्या पत्र्यात फेजची वीज उतरते. असं दिसलं की काम थांबव आणि लायसन्सवाला वायरमन बोलवायला सांग. ते काम तुझं नाही.

आपल्याकडच्या काळ्या मातीचा स्वभावही ध्यानात ठेव. उन्हाळ्यात ती भेगाळते, ओल जाते, इलेक्ट्रोडला, म्हणजे जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या दांड्याला, धरलेली माती सुटते. श्रावणात चांगलं आलेलं रीडिंग वैशाखात बिघडतं. अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी टाकायला सांग, फुकटातला उपाय आहे. वळवाचं आभाळ दाटलं की राउटरचा अडॅप्टर आणि गच्चीवरून आलेली नेटची तांब्याची केबल, दोन्ही काढून ठेवायचं. फायबर काचेचा असतो, त्यातून वीज येत नाही. अडॅप्टरमधून येते.

आता लॅपटॉप. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघड. काहीच चालू नसताना डिस्क शंभर टक्के दाखवत असेल तर जुनी फिरती हार्ड डिस्क हेच कारण असण्याची शक्यता जास्त. पण लगेच 'एसएसडी टाकू', म्हणजे चिपवरची वेगवान डिस्क बसवू, असं म्हणू नको. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्या डिस्कची तब्येत बघ. त्यातल्या यादीत ०५ म्हणजे खराब झाल्यामुळं बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळं अडकून पडलेले सेक्टर. सी५ च्या पुढं शून्य सोडून काहीही असेल तर डिफ्रॅग (फाइली सलग लावणं) नाही, चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) नाही, अँटिव्हायरसचा पूर्ण स्कॅनही नाही. मरणाला टेकलेल्या डिस्कला पळवलं की ती वाटेतच जीव सोडते. पहिल्यांदा फोटो, पेन्शनचे कागद, सातबाऱ्याचे स्कॅन दुसऱ्या डिस्कवर उतरवून घे. लोकांना लॅपटॉपची किंमत माहीत असते, आतल्या फोटोंची किंमत ते गेल्यावर कळते. म्हणून तो विचार तूच आधी करायचा.

मग एसएसडी. क्लोनिंग, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, करणार असशील तर नवी डिस्क जुनीपेक्षा लहान नको, क्लोनझिला हा नक्कल करणारा प्रोग्रॅम तिथं अडतो. एक टीबीवरून पाचशे जीबीवर जायचं असेल तर नवं विंडोज टाकून डेटा हातानं आणणं बरं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मशिनमधली सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर. त्याहून जुन्या मशिनवर ते दामटून बसवलंस तर पुढं अपडेट अडलं की गुरुजी तुलाच फोन लावतील. त्यापेक्षा त्यांचं काम ब्राउझर आणि टायपिंगपुरतंच असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाकून दे आणि मराठी कीबोर्ड लावून दे. एक सावधगिरी मात्र विसरू नको. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या सेटिंगमध्ये) हात घालण्याआधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून ४८ आकडी रिकव्हरी की लिहून घे. ती नसेल तर डिस्क धडधाकट असूनही डेटा गेल्यात जमा.

वायफायचं थोडक्यात सांगतो. माळवदाच्या घरात दीड-दोन हात जाड दगडमातीची भिंत असते. ५ गिगाहर्ट्झ पहिल्या भिंतीतच दम सोडतं, २.४ कसंबसं पलीकडं पोचतं. रिपीटर विकून पैसे कमवू नको, तो क्षीण सिग्नलच पुन्हा ओरडून सांगतो. कॅट-सिक्सची केबल टाक, शंभर मीटरपर्यंत चालते. पलीकडं जुनाच राउटर लाव, त्याचा डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणं) बंद कर, आयपी (त्याचा स्वतःचा पत्ता) बदल आणि केबल वॅनच्या (बाहेरून नेट येणाऱ्या) खाचेत नाही, लॅनच्या (घरातल्या जोडणीच्या) खाचेत घाल. बहुतेक जण इथंच चुकतात.

सुट्या मालाबद्दल एक गोष्ट पक्की धर. दोन टीबीचा पेनड्राइव्ह हजारभर रुपयांत मिळाला असं कुणी सांगितलं तर तो त्याच्यासमोर उघड. विंडोज दोन टीबी दाखवतं, कारण आतल्या कंट्रोलरला तसं खोटं बोलायला शिकवलेलं असतं. चिप असते ३२ जीबीची. फाइली कॉपी होतात, नावं दिसतात, उघडायला गेलं की रिकाम्या. हे ओळखायची खात्रीची रीत: एच-टू-टेस्टडब्ल्यू या तपासणीच्या प्रोग्रॅमनं तो काठोकाठ भरायचा आणि सगळं परत वाचून बघायचं. वेळ लागतो, पण खोटं तिथं टिकत नाही.

गुरुजींच्या चार रुपयांच्या शेअरला हीच परीक्षा लाव. 'चारच रुपयांना आहे, पडून पडून किती पडेल' हे वरचं लेबल झालं. आत बघायचं तर मुंबई शेअर बाजाराच्या (बीएसईच्या) संकेतस्थळावर त्या कंपनीचं पान उघड. एकूण शेअर किती ते काढ आणि भावानं गुण. समज १५० कोटी शेअर आहेत, म्हणजे बाजार त्या कंपनीची किंमत ६०० कोटी धरतोय. आता तिमाहीची विक्री बघ. ती ६० लाख निघाली तर वर्षाची झाली २ कोटी ४० लाख. म्हणजे विक्रीच्या अडीचशे पट मोजून माल घेतला. आडतीवर कुणी असा सौदा केला तर घरचे त्याला दवाखान्यात नेतील. चार रुपये म्हणजे स्वस्त, हा हिशेबच चुकीचा आहे.

पुढचं पान शेअरहोल्डिंगचं. दर तिमाहीला ते भरावंच लागतं. प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मालकांचा, वाटा ५२, ४१, २८ टक्के असा उतरतोय आणि सामान्य भागधारकांची संख्या काही हजारांवरून लाखावर गेलीय, असं दिसलं तर कोण विकतंय आणि कोण घेतंय हे वेगळं सांगायला नको. प्रवर्तकांनी शेअर गहाण टाकलेत का तेही तिथंच कळतं. मग वार्षिक अहवालातला रोख प्रवाहाचा तक्ता. कागदावर नफा आहे, पण धंद्यातून आलेली रोकड सालोसाल उणे आणि येणं बाकी वाढतच चाललेलं, तर तो नफा वहीतच राहणार. ऑडिटरनं मुदतीआधी राजीनामा दिला असेल तर बाकी काही वाचायची गरज नाही.

इथं तुझं कारागिराचं डोकं कामी येतं. कंपनी म्हणते 'आम्ही चिप बनवणार'. गुजरातमधल्या धोलेऱ्याला टाटा आणि तैवानची पीएसएमसी ही चिप कंपनी मिळून जो कारखाना उभारतायत, त्याला केंद्रीय मंत्रिमंडळानं २९ फेब्रुवारी २०२४ ला मान्यता दिली. त्याची गुंतवणूक ९१,००० कोटी रुपये. अडीच कोटी विक्रीची कंपनी त्या वाटेला कशी जाणार? 'एआय' म्हणते, तर सर्व्हर कुठं आहेत, गिऱ्हाईक कोण, पगारावर माणसं किती, हे विचार. अहवालात कर्मचाऱ्यांची संख्या आणि यंत्रसामग्रीचा आकडा छापलेला असतो.

तंत्रज्ञान खरं असलं म्हणून शेअरचा भाव खरा होत नाही, हेही गुरुजींना सांग. २००० च्या सुमाराला इंटरनेट येणार म्हणत होते, ते आलंच. तरी अमेरिकेचा नॅस्डॅक निर्देशांक मार्च २००० मध्ये ५,०४८ वर होता तो ऑक्टोबर २००२ मध्ये १,११४ वर आला. सिस्कोच्या राउटरवर त्या काळचं निम्मं जग चालायचं, कंपनी अजून उभी आहे, पण शिखरावर घेतलेल्यांना तो भाव परत बघायला वीस वर्षांहून जास्त थांबावं लागलं. आपल्याकडंही तेव्हा नावाला 'इन्फोटेक' जोडलं की भाव चढायचा. आता त्याच जागी 'एआय' आणि 'सेमीकंडक्टर' आलंय.

तुझ्याकडं साठलेले ४०,००० तूही त्यात टाकायचं म्हणतोस. २०२५-२६ च्या हमीभावानं, म्हणजे ५,३२८ रुपये क्विंटलनं, ते साडेसात क्विंटल सोयाबीन झालं, आणि लातूरच्या मोंढ्यात हमीभाव दरवेळी मिळतोच असं नाही. चार रुपयांनी दहा हजार शेअर घेतलेस आणि ज्यानं टेलिग्रामवर टिप दिली त्यानं माल रिकामा केला, की शेअर खालच्या सर्किटला, म्हणजे एका दिवसात पडायच्या मर्यादेला, लागतो. पाच टक्क्यांचं सर्किट असेल तर रोज सकाळी पाच टक्के जातात आणि घ्यायला कुणीच नसतं. तू विकायला लावतोस, ऑर्डर तशीच पडून राहते. असे वीस दिवस गेले की चाळीस हजारांचे उरतात १४,३०० च्या आसपास, आणि तेही फक्त स्क्रीनवर. ऑर्डर टाकताना एएसएम किंवा जीएसएम (जादा देखरेखीखालचे शेअर) असा इशारा आला तर तो एक्सचेंजचा लाल दिवा आहे. ओके दाबून पुढं जाऊ नको.

ऑप्शनचं, म्हणजे पुढच्या भावावरच्या सौद्यांचं, तर नावच काढू नको. शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीच्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शन करणाऱ्या शंभरातल्या ९३ जणांनी तोटा सोसला. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. तुझे ते ४०,००० वेगळे ठेव. सहा महिन्यांचा घरखर्च, एक चांगला स्क्रूड्रायव्हर सेट, चाचणीसाठी एक जास्तीची रॅम आणि एक एसएसडी, हे आधी. त्यानंतर उरलं तर निर्देशांकाच्या फंडात दरमहा थोडं थोडं टाक.

गिऱ्हाइकाच्या पैशाबाबत मात्र मी कडक आहे. पिन किंवा ओटीपी टाकायची वेळ आली की तू तोंड फिरवून उभं राहायचं, गुरुजींनी कितीही 'तूच टाक बाबा' म्हटलं तरी. एनीडेस्क (लांबून मशिन चालवायचं ॲप) वापरलंस तर काम झाल्यावर त्यांच्यासमोर काढून टाक. कमिशनसाठी कुणाचं डीमॅट उघडून देऊ नको, मग तुझा सल्ला सल्ला राहत नाही. त्यांचा मोबाइलही बघून घे: व्हॉट्सॲपवरून आलेली एपीके फाइल (प्ले स्टोअर टाळून ॲप बसवणारी) टाकलीय का, आणि ते 'ट्रेडिंग ॲप' प्ले स्टोअरवरचं आहे की लिंकवरून उतरवलेलं. पैसे कुठं पाठवले ते विचार. खऱ्या ब्रोकरच्या यूपीआय पत्त्यात आता 'बीआरके' आणि ॲटच्या (@) पुढं 'व्हॅलिड' येतं, शिवाय हिरव्या त्रिकोणात अंगठ्याची खूण दिसते. एखाद्या माणसाच्या नावाच्या खात्यावर पैसे मागितले असतील तर तो फसवणुकीचाच मामला. सल्लागार म्हणवणाऱ्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या यादीत शोध. गुंतवणूक सल्लागाराचा 'आयएनए'नं आणि रिसर्च ॲनालिस्टचा 'आयएनएच'नं सुरू होतो.

पैसे गेलेलेच असतील तर रागावत बसू नको, गुरुजी आधीच खचलेले असतील. तिथूनच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लाव. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, वेळ आणि रक्कम तयार ठेव, बँकेलाही त्याच वेळी कळव. पैसे पुढच्या खात्यांत फुटायच्या आत अडवता येतात, म्हणून एकेक मिनिट मोलाचं आहे. टेलिग्रामचा ग्रुप सोडू नको आणि चॅट पुसू नको, तोच पुरावा.

शनिवारी गुरुजींकडं जाशील तेव्हा न्यूट्रल-अर्थिंगचं रीडिंग, सी५ चा आकडा आणि त्या कंपनीच्या चार तिमाह्यांचा प्रवर्तकांचा वाटा, तिन्ही एका कागदावर लिहून मला पाठव. त्यांच्या आईला माझा नमस्कार सांग.

तुझा,
काका